गेरूखालच्या गाठी

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर नागपूरच्या गाडीची वाट पाहत होतो. भाची एवढंच म्हणाली, "मामा, आता घाई नोको करू." आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? दवाखान्यानं आपल्याला सगळं खरं सांगितलं असेल का...

हा संशय जुनाच. ताईला झपाट्यानं वाढणारा रक्ताचा कॅन्सर निघाला, तेव्हा मी रिपोर्टवरही विश्वास ठेवला नव्हता. केमो घेऊन ती सौंसरला घरी आली आणि ताप चढला. मानेवर, दंडावर लाल, दुखऱ्या गाठी उठल्या. मी म्हटलं, नागीण. आमच्याकडे नागिणीवर गेरू लावतात. तुळशीच्या ओट्यासाठी ताईनं कोनाड्यात ठेवलेला खडा मी उगाळला आणि लेप दिला. ती म्हणत होती, "दवाखान्यात फोन लाव ना बाप्पा." मी लावला नाही. ताप हटेना, तेव्हा ओल्या फडक्यानं गेरू पुसून तिला नागपूरला नेलं.

तिथं तापासाठी इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गाठी केव्हा आल्या? मी सांगितलं, इंजेक्शनानंतर. मला औषधाचाच संशय होता, आणि गेरूची लाजही. त्यांनी इंजेक्शन बदललं. ताप चढतच गेला.

संध्याकाळी ताईच बोलली. "माह्या भावाचं ऐकू नका, मॅडम. गाठी घरीच आल्या होत्या. हा त्याच्यावर गेरू फासून राहिला होता."

बाई रागावल्या नाहीत. त्वचेचा तुकडा काढून तपासावा लागेल, म्हणाल्या. या आजारानं रक्त लवकर थांबत नाही अशा माणसाला कापायचं कशाला, म्हणून मी आडवा आलो. ताईनं दंड पुढं केला. तुकड्यात ना जंतू निघाले, ना कॅन्सरच्या पेशी. या आजारासोबतच अशी सूज कधी कधी त्वचेत येते, असं कळलं. स्टेरॉइड दिल्यावर गाठी बसल्या, ताप उतरला. "तुले भेव वाटलं, मले ठाऊक हाये," एवढंच ती मला म्हणाली.

पुढं मूळ आजारानंच ती गेली. मी खोटं बोलल्यानं काही बिघडलं का, हे मी बाईंना विचारलं. नाही म्हणाल्या. माझी समजूत काढायला म्हणाल्या असतील, असं वाटत राहतं.

परवा भाचीनं ओटा सारवायला घेतला आणि गेरू मागितला. मी कोनाड्यातून खडा काढला. एका अंगानं झिजलेला... ताईच्या हातची झीज कुठवर आणि माझ्या हातची कुठून, ते बोटांनी चाचपून पाहिलं. कळलं नाही.