पलीकडचे सगळे सुखरूप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, ज्याच्या कॅमेऱ्यासमोर घडलं त्या दिलीपलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही.

मी तेव्हा बालाघाटच्या एका छोट्या लोकल चॅनलची बातमीदार होते. पाऊस धरून बसला होता. राजेगावकडे बाघ नदी फुगल्याचं कळलं, म्हणून मी आणि दिलीप मोटारसायकलवर निघालो. रपटा, म्हणजे नदीवरचा ठेंगणा पूल, पाण्याखाली गेला होता. पलीकडे गाव होतं — असायला हवं होतं. धुक्यात झाडांचे शेंडे तेवढे तरंगायचे, मधूनच एखादं कौलारू छप्पर, मग पुन्हा काहीच नाही. पाण्याचा आवाजसुद्धा झोपेत ऐकल्यासारखा. सुंदर होतं ते — हेही कबूल करते. मी नुसती बघत राहिले.

काठावर सोमाजी नावाचा म्हातारा उभा होता. दवाई आणायला अलीकडे आला आणि अडकला. सून पलीकडे, दिवस भरलेली.

तेवढ्यात स्टुडिओतून विचारणा झाली — थेट प्रसारण सुरू आहे, गावाचं काय? मला काय ठाऊक होतं? ‘माहीत नाही’ एवढं म्हणणं इतकं जड का जावं? मी कॅमेऱ्यात बघून सांगितलं की गाव रिकामं झालंय, सगळे उंचावरच्या शाळेत सुखरूप आहेत. हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. वाक्य आपोआप आलं, अगदी शांत आवाजात.

सोमाजी जवळ आला. “खरंच का, बाई? माही सून बी?”

“हौ,” मी म्हणाले. “ती बी.”

थोड्या वेळानं बचाव पथकाची नाव आली. त्यांच्या साहेबानं मलाच विचारलं, उधर कोई फँसा है क्या? तेव्हा तरी — तेव्हा तरी बोलता आलं असतं. पण दिलीप ऐकत होता, म्हातारा ऐकत होता.

“सब निकल गए,” मी म्हणाले.

नाव खालच्या गावाकडे वळली. धुक्यात विरघळेपर्यंत मी तिच्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी नाव पलीकडे पोचली, तेव्हा माणसं छपरांवर होती. सोमाजीची सून तिथंच, पावसात, बाळंत झाली होती. ती वाचली. बाळ नाही.

पुढे एकदा ती दोघं मला बालाघाटच्या बाजारात भेटली. सोमाजीनं लगेच ओळखलं.

“त्या दिवशी ह्या बाईनंच मले धीर देल्ला,” तो सुनेला सांगत होता. “नाही तं मी पाण्यात उतरलो असतो.”

सुनेनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.

मी तिला लावू दिला.