खोक्यातले टायर

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे 'कवळीवाले' म्हणतात. जन्मभर ह्यांनी लोकांचे दात घडवले. दातांचे डॉक्टर जबड्याचा साचा पाठवायचे आणि हे मागच्या खोलीत बसून त्यावरून कवळी करून द्यायचे. आमच्या भागातले निम्मे म्हातारे ह्यांच्या दातांनी हसतात. हे स्वतः मात्र महिन्यातून एकदा हसले तर नशीब.

कवळ्यांचं काम आटोपलं की त्याच टेबलावर गाड्या निघायच्या. जुन्या मोटारींचे नमुने हो, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढे. खोक्यात प्लॅस्टिकचे सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे. ह्यांना त्यातही नवी किट चालत नसत. ज्यांचे कारखाने बंद पडून जमाना झाला असलीच हवीत. भंगारवाल्याकडून, कुणाच्या माळ्यावरून, कुठून कुठून शोधून आणायचे. सवत असती तर निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं. ह्या गाड्यांशी काय भांडणार, कपाळ?

जुनं खोकं घरात आलं की हे चपला काढायच्या आधी एक काम करायचे. खोकं उघडून आतले चार टायर बाहेर काढायचे, एकेक वेगळ्या कागदात गुंडाळायचे आणि पत्र्याच्या डब्यात टाकायचे. मी एकदा म्हटलं, "घरी माणूस आलं तर तुम्ही पाणी विचारत नाही, आणि टायरांचं काय हे बाळंतपण?" तेव्हा त्यांनी सांगितलं. गाडीचं प्लॅस्टिक टणक असतं आणि टायरांचं मऊ. त्या मऊ टायरांतून वर्षानुवर्षं तेलासारखं काहीतरी सुटत राहतं, आणि ते टणक प्लॅस्टिकला खातं. टायर ज्या भागावर टेकलेला असेल तो भाग विरघळतो, खड्डा पडतो. बाहेरून खोकं नवंकोरं दिसतं आणि आत गाडी सडत असते.

आमच्या मुलीला हे सगळं बोलता यायला लागल्यापासून पाठ. तिला हे 'चिमटी' म्हणायचे, कारण लहानपणी तांदळाच्या दाण्याएवढा आरसा ती चिमट्याशिवाय नुसत्या बोटांनी उचलून गाडीला लावायची. शेजारच्या पोरी बाहुल्यांची लग्नं लावत असायच्या आणि आमची कन्या बापाशेजारी उंच स्टुलावर बसून रेडिएटरची जाळी घासत असायची. हात बापाचा, आणि डोकंही बापाचंच. वाकणार नाही, मोडलं तरी चालेल.

ती अठरा-एकोणीस वर्षांची असताना तिनं स्वतः एक किट शोधून काढलं. भंगाराच्या दुकानात वजनकाट्यामागे पडलेलं. लाल, बिनटपाची मोटार, लांबलचक बॉनेट, आणि खोक्यावरचा पातळ पारदर्शक कागदसुद्धा शाबूत. म्हणजे कारखान्यातून निघाल्यापासून कुणी उघडलेलंच नाही. ह्यांचा चेहरा काय फुलला होता म्हणून सांगू! सवयीनं नख लावायला गेले तर तिनं हात धरला. "बाबा, आत्ता नाही. माझी परीक्षा झाली की दोघांनी मिळून उघडायचं." ह्यांनी तिच्या हातावर हात मारून शब्द दिला. "तुझ्याशिवाय हात लावणार नाही." खोकं कपाटावर गेलं.

परीक्षा झाली आणि पाठोपाठ तिला नोकरी लागली. दूरच्या शहरात, यंत्रांची चित्रं काढायची. मला आनंद झाला. ह्यांनी मनात भलतंच धरलेलं होतं, की ती कवळ्यांच्या टेबलावर बसणार, खोली सांभाळणार. तसं तिला कधी विचारलं होतं? छे! मनातले मांडे. जेवताना तिनं बातमी सांगितली आणि ह्यांचं डोकं फिरलं. बोलत गेले, बोलत गेले, आणि शेवटी म्हणाले, "जायचं तर जा. पण मग ह्या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस."

ती नुसतं "बरं" म्हणाली. ताट उचलून धुऊन ठेवलं आणि बॅग भरायला घेतली.

दहा-बारा वर्षं झाली त्याला. तिनं तिकडेच लग्न केलं, मी एकटी जाऊन आले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर दोन सुंभ, आणि मधे मी. ती दुपारी फोन करायची, हे मागच्या खोलीत असताना. मी हळू बोलायचे. पण तिचा फोन आला की मागच्या खोलीतला कानशीचा आवाज थांबायचा आणि फोन ठेवला की पुन्हा सुरू व्हायचा. एकदा मी सरळ विचारलं, "बोलायचंय का तिच्याशी?" तर म्हणे, "कुणाशी?" डोक्यात खलबत्ता घालावासा वाटला.

लाल खोकं कपाटावर तसंच. ह्यांचे एक स्नेही आहेत, घड्याळं दुरुस्त करतात, त्यांनाही गाड्यांचा नाद. ते आले की वर बघून कळवळायचे. "अहो कवळीवाले, निदान टायर तरी बाजूला काढा! असलं किट आता दिवा घेऊन शोधलं तरी मिळायचं नाही. आतल्या आत खाऊन टाकतील हो!" मीही म्हणायचे, की काढा, पुन्हा चिकटपट्टी लावून ठेवा, कुणाला कळणार आहे? हे एकच म्हणायचे, "राहू द्या आहे तसं." आणि विषय बदलायचे. माणूस दुसऱ्याच्या गाडीतली सुईएवढी चीर सहन करत नाही, आणि ही डोळ्यांदेखत सडू देतोय. मला कळेना, हा हट्ट आहे की शिक्षा, आणि शिक्षा असली तर कुणाला.

मग गेल्या वर्षी एक कवळी परत आली. दात दातावर बसत नव्हते. ह्यांचं काम कधी परत आलेलं मी पाहिलं नव्हतं. महिनाभरात दुसरी आली, तेव्हा मी ह्यांना ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नजरेचा मधला भाग जातोय, कडेचं तेवढं दिसत राहील. गेलेलं परत येत नाही. म्हणजे हे माझ्याकडे बघतात तेव्हा माझ्या जागी धुरकट डाग, आणि बाजूचं दार स्वच्छ. माझा चेहरा पाहायचा तर दाराकडे बघावं लागतं. दात घडवणाऱ्या माणसाला बोटाखालचंच नेमकं दिसेनासं झालं. परत येताना रस्त्यात कुणी नव्हतं, तर मी तिथेच रडले. हे म्हणाले, "तिला सांगायचं नाही. दया म्हणून आलेली मला चालणार नाही." वर माझ्याकडून शपथ घेतली.

खोली बंद झाली. कानस थांबली. आता फोन आला तरी थांबायला काही उरलं नव्हतं.

एक दिवस तिनंच विचारलं, "आई, मागून आवाज येत नाही तो. बाबा सध्या काय बांधतायत?"

"काही नाही," म्हटलं. शपथ होती ना.

"आणि ती आमची लाल गाडी? ती तर केव्हाच बांधली असेल."

"कसली बांधतायत! कपाटावर आहे."

"म्हणजे टायर काढून ठेवलेत."

"अगं, खोकं उघडलंच नाही. वरचा कागदसुद्धा तसाच आहे. घड्याळवाले ओरडून थकले, मी थकले. हातच लावू देत नाहीत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आई," ती म्हणाली, आवाज वेगळाच झाला होता. "टायर आतच आहेत? इतकी वर्षं? बाबांनी ठेवलेत?"

"हो गं बाई, सांगतेय काय मग!"

"मी येते," म्हणाली.

डोळ्यांबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. मी शपथ मोडली नाही, हे लिहून ठेवा.

त्याच आठवड्यात ती दारात उभी. हे खिडकीशी बसले होते. पावलांवरून ओळखलं असणार, कारण ताठ झाले. ती समोर आली तर हे तिच्या खांद्याच्या पलीकडे बघायला लागले. तिला वाटलं तोंड फिरवतायत. तिचा चेहरा पडला, आणि माझ्यानं राहवलं नाही. "अगं, बघतायत तुझ्याकडेच! त्यांना असंच दिसतं आता." घ्या! शपथ गेली चुलीत.

ती माझ्यावर अशी कडाडली की बापाचीच लेक शोभावी! मग तिनं स्टूल ओढलं, कपाटावरून खोकं काढलं, फडक्यानं पुसलं आणि ह्यांच्या मांडीवर ठेवलं.

"उघडू या?" म्हणाली.

ह्यांनी कडेवरून बोट फिरवत कागदाची जोड शोधली आणि नख घातलं. झाकण निघाल्यावर जुना, गोडसर वास आला. मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. तीन टायर एका कोपऱ्यात घरंगळले होते. चौथा गाडीच्या पुढच्या, प्लॅस्टिकच्याच काचेवर आडवा पडला होता, आणि तिथेच रुतला होता. तिनं तो हलकेच ओढला, तेव्हा चिकट आवाज आला. काचेत ऐन मधोमध गोल खड्डा. टायरवरच्या नक्षीसकट.

"कसं आहे?" ह्यांनी विचारलं.

"छान आहे, बाबा. काही झालं नाही."

ह्यांनी हात पुढे केला. तिला द्यावी लागली काच. अंगठा फिरला, खड्ड्यापाशी थांबला, गोल गोल फिरत राहिला.

"चिमटे, कवळीवाल्याच्या अंगठ्याशी खोटं बोलू नये."

मग मात्र तिचा बांध फुटला. "तुम्हाला माहीत होतं ना असं होणार? सगळ्यांच्या गाड्या वाचवल्यात तुम्ही. मग ही का नाही उघडलीत?"

"तू नव्हतीस," हे म्हणाले. मग म्हणाले, "त्या दिवशी मी नको ते बोललो. तो शब्द मागे घेता आला नाही. म्हटलं, दिलेला तरी पाळावा." आणि ह्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी पहिल्यांदा पाहिलं.

ती सुट्टी वाढवून राहिली. मागची खोली उघडली. ती भाग कापायची, हे पॉलिश कागदावर घासायचे, अंगठ्यानं तपासायचे आणि "अजून" म्हणायचे. दोन वेळा भांडणही झालं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. काचेपाशी आल्यावर ती म्हणाली, पारदर्शक प्लॅस्टिकच्या तावातून नवी कापते, कुणाला कळणारसुद्धा नाही. हे म्हणाले, "नको. तीच लाव."

ती परत गेल्यावर घड्याळवाले आले. डोळ्याला भिंग लावून लाल गाडी फिरवून फिरवून पाहिली. रंग वाखाणला, दारांच्या कडा वाखाणल्या. मग चुकचुकले. "एवढी सुरेख गाडी, कवळीवाले, आणि ऐन समोर हा खड्डा? काच तेवढी बदलायची होती हो."

ह्यांनी गाडी त्यांच्या हातातून घेतली आणि अंगठा काचेवर ठेवला.

"बाकी सगळी गुळगुळीत आहे, घड्याळवाले," हे म्हणाले. "मला एवढंच दिसतं."