पिन काढलेली होती, तरी ओसरीतला बल्ब पेटला

असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. मी वायरमन. नववीत शाळा सुटली, तेव्हापासून तारांशीच संबंध. करंट असेल तर बल्ब पेटतो, नसेल तर नाही — एवढंच शास्त्र मला येतं. म्हणून इथे लिहायला भीतीच वाटते. कुणाला काही सुचलं तर सांगा.

२०१७चा उन्हाळा. मी पुण्यात, फ्लॅटमध्ये मोबाईलवर चालणारे स्विच बसवायच्या कामाला. माय एकटी मुर्रीला — गोंदियाला लागूनच आहे आमचं गाव. तिला संध्याकाळी कमी दिसायचं, म्हणून ओसरीतल्या बल्बला मी इंटरनेटवरून चालू-बंद होणारा एक डबा जोडून दिला होता. कामावरच्या सरांनी शिकवलं तशी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली. माझ्या जुन्या लॅपटॉपवरून वेब सर्व्हिसच्या एपीआयला रिक्वेस्ट, म्हणजे बल्बसाठीचा निरोप, जायची, तिथून घरच्या डब्याला. बल्ब पेटला की माय मिस्ड कॉल द्यायची. मग मी जेवायचो.

पण रिक्वेस्ट कधी जायची, कधी नाही. टाइमआउट — वेळेत उत्तरच नाही! फसली तर पुन्हा पाठवायची अशी ओळ टाकली, तर नवीनच नाटक. माझा आदेश होता — चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. पहिली रिक्वेस्ट पोचलेली असायची, फक्त उत्तर आलेलं नसायचं. दुसरी जाऊन बल्ब विझवायची. मायचा फोन — "डोळा मारते काय रे तुझा बल्ब?"

ते सुधारलं. चालूचा आदेश वेगळा, बंदचा वेगळा. तरी काही काही दिवशी एकही रिक्वेस्ट जाईना. दिवसभर शिडीवर उभं राहायचं आणि खोलीवर आलं की हेच... जीव कंटाळला होता. शेवटी मायलाच विचारलं.

"माय, मधातच डबा बंद काऊन पडते?"

"आभाळ आलं का डब्याची पिन काढून ठेवते ना मी. मेन स्विच बी पाडते. ईज चमकून राहिली तं काय घरावर पाडून घेऊ?"

आमच्याकडे सगळेच असं करतात. लहानपणी मीच धावत जाऊन पिना काढायचो. आणि इतके दिवस मी स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसलो होतो!

त्यानंतर आभाळ आलं की तीच फोन करायची — "पिन काढली. जेव आता."

एका संध्याकाळी रिक्वेस्ट फेल गेली. समजलं, तिकडे आभाळ आहे. पण तिचा फोन आला नाही. मी लावला तर नुसती घंटी. इतक्या लांबून करणार काय? पिन काढलेली असणार हे माहीत असूनही स्क्रिप्ट चालवत राहिलो. दर वेळी तेच — फेल.

मग शेजारच्या देवाजी काकांचा फोन आला.

"अबे, तुझी माय मांगं न्हाणीत पडली. डोक्याले लागलं, बेहोश होती. आता होश आला, घाबरू नोको. गोंदियाले दवाखान्यात घेऊन जाऊन राहिलो."

"तुमाले कसं समजलं काका?"

"गावात लाईन गुल, आन तुमच्याच ओसरीत बल्ब जळून राहिला! म्हटलं, हे बुढी लाईन आणते कुठून, पाहून तं येऊ."

मिळेल त्या गाडीने निघालो. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर कठीण होतं. काकांचे पाय धरले. ते म्हणाले, "मले काय धरतं, त्या बल्बाले धर." ते घरात शिरले तेव्हाही तो पेटलेला होता, मायला उचलून बाहेर आणलं तेव्हा विझलेला.

घरी जाऊन पाहिलं. मेन स्विच खाली. पिन काढून फळीवर ठेवलेली, तिच्यावर वादळाची धूळ बसलेली. घरात इन्व्हर्टर नाही, बॅटरी नाही. लॅपटॉपवर त्या संध्याकाळच्या सगळ्या रिक्वेस्ट फेल — एकही पोचलेली नाही. सर म्हणाले, "डब्यात थोडा करंट उरला असेल." उरतो, पण डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपतो. एक माणूस शेजारून येईपर्यंत नाही.

मला अजून कळलेलं नाही. आभार मानायचे तर कुणाचे, तेही कळत नाही.

आजही आभाळ आलं की मायचा फोन येतो. "पिन काढली. जेव आता." मग म्हणते — "पन तू पाठवून ठेव."

मी पाठवतो. फेल येतं. मग जेवतो.