मामाला फोटोत घालायचं पुस्तक

रंजनाताईंना त्यांचा भाऊ फोटोत हवा होता. अडचण एकच होती. फोटो काढला तेव्हा तो तिथं नव्हता.

माझा कोल्हारला फोटो स्टुडिओ आहे. तीसेक वर्षं लग्नांचे फोटो काढतोय. वैशाखात ताईंच्या मुलीच्या लग्नालाही मीच होतो. अक्षता पडल्यावर स्टेजवर सगळ्या घरादाराचा ग्रुप घेतला, पण मुलीचा मामा सकाळीच रुसून बेलापूरला परत गेलेला. लग्नात कुणीतरी रुसतंच. मी कारण विचारत बसत नाही, रांगेतली मोकळी जागा भरून घेतो.

भाऊबीजेच्या पंधरा दिवस आधी ताई ती भलीमोठी फ्रेम घेऊन दुकानात आल्या.

“दादा येतो म्हनलाय भाऊबिजेला. लग्नापासनं पहिल्यांदाच. पाटावर बसला की समोर भिंतीवर ह्योच फोटू. समदे हायत, त्योच न्हाई. उठून गेला म्हंजी?”

“मग दोन दिवस फ्रेम काढून ठेवा.”

“ठिवली हुती. भिंतीवर चौकोन दिसतोय.”

“पण ताई, ते नव्हतेच ना त्या वेळी.”

“माज्या लेखी हुता,” ताई म्हणाल्या. “कशावरून बिनसलं त्येबी सांगत न्हाई. फोनवर ‘बरं हाय का’ म्हनतो अन् ठिवून देतो.” त्यांचे डोळे भरून आले. मी हो म्हणून बसलो.

त्यांच्या मुलीनं आधी मोबाईलवरच्या एका ॲपकडून काम करून घेतलं होतं. त्यात मामा आले होते, पण गोरेपान, दाढी कोरलेली आणि सगळे दात जागच्या जागी. ते बघून ताईंनी विचारलं होतं, “ह्यो कुनाचा भाऊ हाय?” नगरची लॅब, जिच्याकडून मी अल्बम करून घेतो, तिनं दिवाळीनंतर बघू म्हणून सांगितलं. म्हणजे राहिलो मी. फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर माझ्या कॉम्प्युटरवर कैक वर्षं आहे, पण त्यात मी फक्त पासपोर्ट फोटो कापायचो. दळणाचा एक डबा गिरणीत न्यायला बैलगाडी जुंपण्यातला प्रकार.

व्हिडिओ बघून शिकायचा प्रयत्न केला. शिकवणारा इतका घाईत की मी बटण शोधेपर्यंत तो निरोप घ्यायचा. माझ्या वयाला पुस्तकच बरं. ते आपल्या पुढं पळत नाही. सकाळची एसटी पकडून नगरला गेलो.

पुस्तकांच्या दुकानातले सय्यदभाई माझे जुने ओळखीचे. त्यांनी तीन पुस्तकं पुढ्यात टाकली.

पहिलं इंग्रजी, उशीएवढं जाड, पानोपानी रंगीत. त्यात एक माणूस ढगांवर बसून चहा पीत होता. “हे घ्या, एकदम टॉप,” सय्यदभाई म्हणाले. मी म्हटलं, “मला माणूस ढगात नाही, मागच्या रांगेत उभा करायचाय.”

दुसरं मराठी, पंधरा दिवसांत सगळं शिकवणारं. मला दिवसही तेवढेच होते, म्हणून जवळजवळ घेतलंच होतं. पण प्रत्येक धड्याची शेवटची पायरी एकच होती: फ्लॅटन करा आणि सेव्ह करा. हे जरा सांगावं लागेल. या सॉफ्टवेअरमध्ये फोटो एकावर एक ठेवलेल्या काचांसारखा रचतात. एका काचेवर नवरा-नवरी, दुसरीवर मामा. काचेला लेयर म्हणतात. फ्लॅटन केलं की सगळ्या काचा वितळून एक होतात. मग मामाला एक बोट सरकवायचं म्हटलं तरी सगळं पहिल्यापासून.

तिसरं पुस्तक पातळ, पिवळट कागदाचं, आतली चित्रं काळीपांढरी.

“रंगाचं काम शिकणार आणि पुस्तक काळंपांढरं?” सय्यदभाई हसले. “राहू द्या, ते कुणी नेत नाही.”

मी पहिलं पान उघडलं. लिहिलं होतं: मूळ फोटोला हात लावू नका, कॉपी करून घ्या. प्रत्येक गोष्ट वेगळ्या लेयरवर ठेवा. फ्लॅटन करू नका. गिऱ्हाईक परत येणार आहे.

मी तिथंच मोठ्यानं हसलो. या लिहिणाऱ्यानं नक्की दुकान चालवलं असणार. ‘फायनल’ म्हणून नेलेला फोटो “आत्याबाईंची साडी जरा हिरवी करा” म्हणत परत आलेला त्यानं पाहिलेला आहे. तेच पुस्तक घेतलं.

पुढचे दहा दिवस मी, पुस्तक आणि मामा. साखरपुड्यात मी त्यांचा एक फोटो काढला होता, पांढरी टोपी घालून खिडकीशी उभे असलेले. चेहरा छान होता, पण उजेड उलट्या बाजूनं. म्हणून फोटो आरशासारखा उलटा केला. उजेड जमला, पण शर्टाचा खिसा उजवीकडं गेला. तो पुढच्या रांगेतल्या काकांच्या फेट्यामागं लपवला. नाकाची सावली, गळ्याखालचा अंधार, सगळं धडे बघून जुळवलं. ताईंनी प्रिंट बघितली, मामाच्या गालावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, “हां. ह्यो दादा.” मला कॉलर ताठ करावीशी वाटली.

भाऊबीजेला ओवाळतानाचा फोटो काढायला मी हजर. मामा आले, पाटावर बसले आणि त्यांची नजर भिंतीवर गेली.

“म्या कुठं हुतो तिथं?”

“हुतास,” ताई म्हणाल्या.

मामा उठले, फोटोजवळ गेले आणि बराच वेळ बघत राहिले. मग वळले. चेहरा लालबुंद.

“समद्यांच्या डोक्याला फेटा हाय. त्या दिशी बी फेटं बांधनारा समद्यांना बांधत आला, अन् माज्यापाशी आल्यावर म्हनला, संपले. पोरीचा मामा मी! अन् आता फोटूत बी मला टोपीच?”

मी कॅमेरा खाली घेतला. उजेड बघितला, सावली बघितली, खिसासुद्धा लपवला. रांगेतल्या एकूणएक पुरुषाच्या डोक्यावर केशरी फेटा आहे, तेवढं सोडून सगळं बघितलं होतं.

ताईंच्या हातात ओवाळणीचं ताट तसंच. “दादा, फेट्यावरून? एका शब्दानं बोलायचं हुतंस!”

“सांगून मान मागायचा असतो व्हय?”

ताईंनी ताट खाली ठेवलं. आत गेल्या, मुलीच्या लग्नात यजमानांनी बांधलेला केशरी फेटा कपाटातून काढून आणला आणि त्यांच्या हातात दिला. यजमानांनी मेहुण्याला फेटा बांधला. शेवटचा पीळ बसल्यावर मामांनी दोन्ही हातांनी फेटा चाचपला. “ओवाळ आता,” ते बहिणीला म्हणाले. मी फोटो काढला. खरं सांगतो, तो थोडा हललाय.

नंतर त्यांना दारात उभं करून, बरोबर बाजूनं उजेड घेऊन आणखी एक काढला. दुसऱ्या दिवशी बहीण-भाऊ दोघं दुकानात येऊन माझ्या मागं बसले. मी टोपीवाल्या मामांचा लेयर बंद केला आणि फेटेवाले मामा त्या जागी ठेवले. चहा येईपर्यंत काम झालं. बाकीच्या फोटोला धक्काही लागला नाही. पंधरा दिवसांवालं पुस्तक घेतलं असतं तर मी अजून खिसाच लपवत बसलो असतो.

तेव्हा शिकायला पुस्तक घेताना आतली चित्रं बघू नका. लिहिणाऱ्यानं कधी गिऱ्हाईक बघितलंय का, ते बघा. फेट्याचं मात्र माझ्या पुस्तकातही काही नाही. ते मी शेवटच्या कोऱ्या पानावर पेनानं लिहून ठेवलंय: माणूस रांगेत उभा करण्याआधी रांगेतली डोकी बघावीत.