पाचाडातलं पिनांग

तोफा डागून शत्रूने रायगडाचं केलं नसेल एवढं नुकसान माझ्या बायकोच्या मामांनी पाचाडात बसून नुसत्या तोंडाने केलं. गडाच्या वाटेवर त्यांचं चहा-भज्यांचं दुकान होतं. गड बघायला आलेली माणसं तिथे घटकाभर टेकत, आणि मामा त्यांना मोठ्या आपुलकीने पिनांग दाखवत. तरुणपणी ते बोटीवर भांडी घासायला होते. मलायाच्या किनाऱ्याला, पिनांग बंदरात, बोट दुरुस्तीला लागली आणि हे काही आठवडे तिथे उनाडले. एवढ्या भांडवलावर त्यांनी पुढचा जन्म काढला.

"गड चढायला किती वेळ लागेल हो?" असं कुणी विचारलं की मामांना त्याची कीव येई. "पाय मोडून घ्यायचे तर जा बापडे. पिनांगात डोंगरावर गाडी जाते. रुळावरून सरळ वर. आपण नुसतं बसायचं." गंगासागर तलावाचं नाव काढलं की तिकडचा समुद्र, जगदीश्वराचं काढलं की तिकडचं सापांचं देऊळ. तिथे म्हणे जिवंत साप फांद्यांवर लोंबतात आणि भक्तांना काही करत नाहीत. पुण्याच्या एका गृहस्थांनी इतिहास सांगायला तोंड उघडलं, तर मामांनी त्यांना त्या सापांत असं सोडलं की ऊन तापलं, गड राहिला, आणि ते बिचारे पिनांगची बोट कुठून सुटते एवढं विचारून परत गेले. काय हा गडाचा पहारेकरी!

मागे भजी तळणाऱ्या मामींना मात्र एकच हौस होती. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून त्यांना गड बघायचा होता. मामांचं उत्तर ठरलेलं. "त्या दगडांत काय ठेवलंय गो? तुला पिनांग दावीन." पिनांगचे रस्ते मामींना पाठ झाले, दारातून दिसणारा गड तेवढा राहून गेला. आम्ही महाडहून गेलो की त्या माझ्या बायकोला हळूच विचारत, "वर लई वारा असतो काय गो?" मी एकदा म्हटलं, चला, आम्ही नेतो. तर म्हणाल्या, "नको. यांच्यासंगं जायचं हाय."

मग मामींना दम लागू लागला. महाडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय दमलंय, चढउतार बंद. बाहेर आल्यावर मामींनी एवढंच विचारलं, "म्हंजे गड आता नायच ना?" पाचाड येईपर्यंत मामांनी पिनांगचं नावसुद्धा काढलं नाही. मला तर धास्तीच वाटली.

दिवाळीनंतर एका सकाळी मामांनी दुकान बंद ठेवलं आणि डोली सांगितली. वाटभर ते डोलीवाल्यांवर "हळू रे, हळू!" असे ओरडत होते. त्या भोयांनी डोली खाली टाकून पळ कसा काढला नाही, कोण जाणे. वर मामींनी गंगासागराचं पाणी डोळ्यांना लावलं, महाराजांच्या समाधीवर डोकं टेकलं आणि पाचाडच्या बाजूच्या बुरुजावर येऊन बसल्या. मामांना राहवलं नाही. "पिनांगात अशाच डोंगरावरून—"

"अवो, आता गप ऱ्हावा. मला बगू द्या."

आणि मामा गप्प राहिले! मामी कितीतरी वेळ बघत होत्या. मग बोट दाखवून हसल्या. "आपलं छप्पर बगा, केवढंसं दिसतंय."

पुढच्या पावसाळ्यात मामी गेल्या.

त्यानंतर मी गेलो तेव्हा भजी मामा तळत होते, म्हणजे करपवत होते. कुणीतरी गडाची वाट विचारली. "सावकाश जा," मामा म्हणाले, "वर वारा हाय." बस्स, एवढंच. गाडी नाही, साप नाहीत. ज्या पिनांगने मी वर्षानुवर्षं वैतागलो होतो, त्याच्याच आठवणीने मला भडभडून आलं. मीच म्हटलं, "मामा, त्या डोंगरावरच्या गाडीचं सांगा की."

मामांनी झारा खाली ठेवला. गडाकडे बघत राहिले.

"कसलं पिनांग घेऊन बसलात, जावईबापू," ते म्हणाले, "तिथं ही कुठं व्हती?"