दाभणभाऊंची कार्डं

आमच्या मलकापुरात दाभण दोघांच्याच हाती दिसायचा. एक कापसाच्या जिनिंगमधले बोरे, म्हणजे पोती, शिवणारे आणि दुसरे वाचनालयातले भाऊ. बोरेवाल्यांचा दाभण गंजलेला असे, भाऊंचा राखेनं घासून लख्ख केलेला. कुणी जिना चढून वर आलं आणि म्हणालं, "भाऊ, ढोरांच्या औषधाचं काही हाय का?" की भाऊ खणातून कार्डांचा गठ्ठा काढत, टेबलावर ठोकून त्याच्या कडा सारख्या करत, वरच्या भोकांपैकी एकातून दाभण आरपार घालत आणि गठ्ठा उचलून सूप झटकावं तसा झटकत. बाकीची कार्डं दाभणाला लटकून राहत, दोन-तीन तेवढी खाली पडत. ती ढोरांच्या औषधाची. "पडलं रे पडलं!" असं भाऊ दर वेळी ओरडायचे, जणू स्वतःलाच खात्री नव्हती. लोकांना त्यांचं आडनाव कधीच आठवेनासं झालं होतं. ते दाभणभाऊ, बस्स.

यात जादू काही नव्हती. प्रत्येक कार्डाच्या वरच्या कडेला भोकांची एक ओळ होती. पहिलं शेतीचं, दुसरं ढोरांचं, तिसरं कथा-कादंबऱ्यांचं, मग वैद्यक, कायदा, पोथ्यापुराणं. पुस्तक ज्या विषयाचं असेल, त्या भोकाची वरची कड कात्रीनं उडवायची. मग त्या भोकातून दाभण घालून गठ्ठा उचलला की कड कापलेलं कार्ड लटकणार कशाला? ते पडतंच. भाऊंनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात असलं चित्र पाहिलं होतं. कार्डांसाठी कापडाच्या दुकानातले पुठ्ठे आणले आणि भोकं पाडायला स्टेशनवरच्या एका रिटायर झालेल्या टीसीचा तिकिटं टोचायचा चिमटा. चिमट्याचा आवाज ऐकून खालचा किराणावाला विचारायचा, "भाऊ, कोन्ती गाडी आली?"

मी त्या गावची नवी सून. मॅट्रिक आणि बरं अक्षर, एवढ्या भांडवलावर सासऱ्यांनी मला त्यांच्या या जुन्या मित्राकडे कार्डं लिहायला पाठवलं. पहिल्याच दिवशी भाऊंनी मला समोर बसवलं आणि सरळ सांगून टाकलं, "सूनबाई, मले काचबिंदू हाय. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं, गेलेली नजर परत येत नाही, अन् उरलेली कवा जाईन त्याचा नेम नाही. मले आता नळीतून पाह्यल्यासारखं दिसते. ही नळी बंद व्हायच्या आंधी सारे कार्डं झाले पाह्यजेत. मंग मी आंधया झालो तरी इथंच बसीन. कार्डाले काय, बोटंबी चालतात."

त्यांच्या घरात कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती एक मुलगी सोनाळ्याला दिली होती. वाचनालय सोडून बसायला त्यांना दुसरी जागाच नव्हती. म्हणजे ती कार्डं वेळेत होतात की नाही, यावर एका माणसाचं उरलेलं सगळं आयुष्य टांगलेलं होतं, आणि ते काम माझ्यासारख्या पोरीच्या हाती! मला पहिला महिना धड जेवण गेलं नाही.

कार्ड लिहिणं सोपं होतं. अवघड होतं ते जुन्या रजिस्टरातलं काढणं. महाराष्ट्र नुकताच झाला होता, त्याच्या काही वर्षं आधीपर्यंत आमचा भाग नागपूरच्या हिंदी-मराठी कारभारात, त्यामुळे रजिस्टरात कुणी हिंदीत लिहिलेलं, कुणी वकिलानं इंग्रजीत, कुणी म्हाताऱ्या कारकुनानं मोडीत. एकच पुस्तक तिघांनी तीनदा चढवलेलं. एका नोंदीत नुसतं "लाल पुठ्ठ्याचें मोठें पुस्तक". त्या एका ओळीपायी भाऊंनी कपाटातली सगळी लाल पुस्तकं खाली काढली होती. मी कंटाळून म्हटलं, "भाऊ, सोडा हो हे एक." तर म्हणाले, "गव्हातला खडा एकच राह्यला म्हनून कोनी तसंच दळते का? दात तर त्या एकानंच पडते."

सगळ्यात नामी घोळ एका शेटजींचा. त्यांनी कधीकाळी वीस पुस्तकं वाचनालयाला दिली होती, आणि कारकुनानं ग्रंथकर्त्याच्या रकान्यात त्यांचंच नाव ठोकून दिलं होतं. आयुष्यभर अंगठा उठवलेला हा माणूस आमच्या दफ्तरी प्रसूतिशास्त्रापासून वेदान्तापर्यंत सगळ्याचा कर्ता होता. भाऊंनी ती नावं खोडून खऱ्या लेखकांची घातली. ते कळल्यावर शेटजींचा मुलगा तणतणत आला, "बाबूजीचं नाव काऊन काढलं?" भाऊंनी त्याला चहा पाजला, सगळ्या कार्डांवर एक भोक नव्यानं पाडून ते "दात्याचं" ठरवलं, आणि शेटजींची वीसच्या वीस कार्डं त्याच्यासमोर दाभणानं पाडून दाखवली. मुलगा खूश होऊन गेला. भाऊ मला म्हणाले, "मानसाचं नाव पुसू नये, सूनबाई. त्याच्या जागी नेऊन ठेवावं."

नजर मात्र कुणासाठी थांबत नव्हती. भाऊ कार्ड नाकाशी धरू लागले, मग खिडकीशी, मग माझ्याकडूनच वाचून घेऊ लागले. एक दिवस मी वर गेले तर डोळ्यांवर रुमाल बांधून बसलेले. दाभण घातला, झटकला, कार्डं पडली, आणि ती हातात घेऊन भाऊ नुसती चाचपत राहिले. "पडले तं खरे," ते म्हणाले, "पन याच्यातलं कोन्तं कोन्तं होय, हे वाचल्याबिगर कसं समजाचं?" इतक्या महिन्यांत हे ना त्यांच्या डोक्यात आलं होतं, ना माझ्या. रुमालाखालून त्यांच्या गालावर पाणी ओघळलेलं मी पाहिलं. आणि पुढच्या आठवड्यात सगळी कार्डं पुन्हा हातात घेतली आम्ही! खालच्या कडेला खाचा पाडल्या. डावीकडच्या खाचा कपाटाच्या, मधल्या खणाच्या, उजवीकडच्या पुस्तकाच्या जागेच्या. बोटानं खाचा मोजायच्या, कपाटाशी जायचं, खण चाचपायचा आणि डावीकडून मोजत पुस्तक काढायचं. बाहेर गेलेल्या पुस्तकाच्या जागी एक पुठ्ठा उभा करायचा, म्हणजे मोजणी चुकत नसे. एका विषयाची पुस्तकं भाऊंनी जाडीनुसार क्रमानं लावून ती पाठ केली. डोळ्यांचं कामच उरू द्यायचं नाही, असा हट्ट.

शेवटचं कार्ड झालं आणि पंधरवड्यात त्यांची नळी बंद झाली. देवानं एवढी तरी लाज राखली, असं मला तेव्हा वाटलं.

त्यानंतरचे काही महिने मी विसरणार नाही. भाऊंना काहीही दिसत नव्हतं आणि तरी कुणी मागेल ते पुस्तक काढून देत होते. लोक मुद्दाम बघायला येत. भाऊ चालताना एक हात कपाटाला लावून चालत, इतकंच. परत आलेलं पुस्तक स्वतः जागेवर ठेवत आणि दुसऱ्या कुणाला कपाटाला हात लावू देत नसत. कुणी लावलाच तर मी खेकसायची. सासूबाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "घरात तं तोंडातून शब्द निंघत नाही, तिथं बरी वाघीन होतं!"

मग मला दिवस राहिले आणि मी बाळंतपणाला माहेरी चिखलीला गेले. पहिलटकरीण, त्यातून तब्येत नाजूक, म्हणून आईनं पुष्कळ दिवस ठेवून घेतलं. परत आल्यावर लेकीला कडेवर घेऊन मी वाचनालयाचा जिना चढले. भाऊ खुर्चीत होते. त्यांनी बाळाचं नाक, कान, बोटं चाचपली आणि म्हणाले, "बोटं लांब हायेत. अक्षर चांगलं राहीन हिचं." मला बरं वाटलं. तेवढ्यात हायस्कूलचे एक गुरुजी व्याकरणाचं पुस्तक मागायला आले. भाऊंनी दाभण झटकला, खाचा मोजल्या, उठून कपाटातून पुस्तक काढलं आणि गुरुजींच्या हातात दिलं. मी वरचं नाव वाचलं. ते लोणच्या-मुरंब्यांचं होतं. गुरुजी म्हणाले, "हेच हो, भाऊ, हेच," आणि निघाले.

मी त्यांना जिन्यात गाठलं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, गावानं त्यांचे कष्ट वाचवावे म्हणून पुस्तकं आपापली परत ठेवायला सुरुवात केली. जिथं जागा दिसली तिथं. भाऊ नको म्हणायचे, पण लोक हळूच ठेवायचे. आता काहीच जागेवर नाही. म्हाताऱ्याचं मन मोडायचं का आपण? घरी न्यायचं, दोन दिवसांनी परत आणायचं. सगळेच तसं करतात." सगळेच! अख्खं गाव महिनाभर नको ती पुस्तकं घरी नेत होतं आणि "वा, छान होतं" म्हणून परत आणत होतं. मला इतका संताप आला की कडेवर बाळ नसतं तर त्यांच्या हातातलं पुस्तक मी हिसकावलं असतं. हे भाऊंना आत्ताच्या आत्ता सांगायचं, असं ठरवून मी वळले.

पण माझ्या आधी दुसराच वर गेला. रोहिणखेडचा नामदेव म्हणून एक शेतकरी, घामानं थबथबलेला, मला ओलांडून दोन-दोन पायऱ्या चढत गेला आणि त्यानं भाऊंच्या टेबलावर पुस्तक आपटलं.

"भाऊ, मी तुमाले ढोराच्या बिमारीचं पुस्तक मांगतलं होतं का नाही? आमच्या गावच्या मास्तरनं वाचून पाह्यलं. हे शिवनाचं होय, शिवनाचं! माह्या बैलाले काय झंपर शिवू?"

खोलीत पेपर वाचत बसलेले चार-पाच जण ताडकन उठले. "अबे, हळू बोल," "तुले दिसत नाही का, ते..." असं म्हणत त्याला बाजूला ओढू लागले. नामदेव काही हटेना. "काऊन हळू बोलू? इतक्या लांबून आलतो मी. ढोराचा डाक्टर मिळाला नाही, म्हनून आलतो."

भाऊंनी विचारलं, "बैल कसा हाय?"

"गेला काल."

पुस्तकानं तो वाचला असता की नाही, देव जाणे. भाऊ उठले. कपाटाशी जाऊन त्यांनी एक पुस्तक काढलं, चाचपलं, आणि माझ्या दिशेनं धरलं. "सूनबाई, तुम्ही खोटं बोलत नाही. हे कोन्तं?" मी सांगितलं. दुसरं काढलं. मी सांगितलं. तिसरं, चौथं, मग ते भराभर काढतच सुटले, खण रिकामा झाला, पायाशी ढीग झाला, आणि एकही आपल्या जागेवरचं नव्हतं. माझ्या आवाजातलं रडू लेकीला कळलं असावं, तीही रडायला लागली. भाऊ त्या ढिगात खाली बसले. पेपरवाल्यांकडे तोंड करून म्हणाले, "तुमी सारे म्हनत होते ना, हेच होय म्हनून?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, भाऊ, कार्डं शाबूत आहेत, पुस्तकंच तेवढी फिरलीत. आठ-पंधरा दिवस वाचनालय बंद ठेवू, मी सगळं पुन्हा लावून देते. मी अक्षरशः पाया पडले. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"लावसान तुम्ही, मले माईत हाय," ते म्हणाले. "पन ते पुन्हा मदत करतीन ना, बाई. आंधयाले मदत कराची कोनी सोडते का?"

त्या माणसानं काचबिंदूला हरवलं होतं, मोडी-हिंदी-इंग्रजीच्या घोळाला हरवलं होतं. गावाच्या मायेपुढे मात्र त्याची काही मात्रा चालली नाही, आणि त्या मायेला शिव्या तरी कशा द्यायच्या? भाऊ पुन्हा तो जिना चढले नाहीत. कमिटीनं किल्ल्या माझ्याकडे दिल्या. पुढे बरीच वर्षं त्या खुर्चीत मी बसले, पण ती माझी आहे असं मला एक दिवस वाटलं नाही.

मुलीनं त्यांना सोनाळ्याला न्यायचं ठरवलं, तेव्हा स्टँडवर निम्मं गाव लोटलं. कुणी फराळाचा डबा आणला, कुणी शाल. जो तो त्यांचा हात धरून गाडीकडे न्यायला बघत होता आणि भाऊ लाकडासारखे उभे होते. कुणाशी एक शब्द बोलले नाहीत, माझ्याशीसुद्धा नाही. मी फक्त त्यांच्या पाया पडले. ते खिडकीशी बसल्यावर गर्दीतून नामदेव पुढे आला. बहुतेक बाजाराला आला असावा, खांद्यावर रिकामं पोतं होतं.

"भाऊ, मी रोहिनखेडचा नामदेव. त्या दिवशी रागात लय बोललो. मले मालूम नव्हतं तुमच्या डोयाचं. माफ करा."

भाऊंनी खिडकीतून हात बाहेर काढला, त्याचा खांदा शोधला आणि घट्ट धरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा माणसासारखा झाला.

"माफी काऊन मांगतं बे? येवढ्या गावात तू एकलाच मले लायब्रेरियन समजून भांडला."

गुरुजी माझ्या शेजारीच होते, ते खाली बघू लागले. गाडी सुटली. आम्ही सगळे, आंधळ्या माणसाला हात हलवून काय उपयोग म्हणून, हात जोडून उभे राहिलो. नामदेव तेवढा गाडी वळेपर्यंत हात हलवत होता.