दामाजीचं चाकाचं धनुष्य

"मी त्या बोल्टांना हातसुद्धा लावला नाय."

"लावलास असं कुठं म्हटलं मी? आज जाऊ नकोस, एवढंच म्हणतेय."

"आज नको, उद्या नको. तुझ्या फॅक्टरीच्या भोंग्यावर भरती येते काय गो?"

"उद्या पण येईल भरती, बा."

"उद्या नामा येणार नाय."

दामाजीनं खुंटीवरचं धनुष्य काढलं. दोन टोकांना दोन चाकं असलेलं ते धनुष्य चेंदणी कोळीवाड्यात लहान पोरालाही ठाऊक होतं. दारात त्याची लेक चंद्रभागा उभी होती. तिला बाजूला व्हायचं नव्हतं.

ऐंशीच्या सुमारास खाडीच्या पाण्याला रंग चढला, डोलीच्या जाळ्यात मासळीआधी वास यायला लागला, तेव्हा दामाजी होडी विकून मालवाहू जहाजावर खलाशी झाला. कुठल्याशा परक्या बंदरात, धक्क्यावर उभं राहून बाणानं मासा टिपणारा एक जण त्यानं पाहिला. बाणाला दोरी, दोरीला मासा. दामाजी तसलंच धनुष्य घेऊन घरी आला. दुकानदाराची भाषा याला येईना, याची त्याला. दुकानदारानं खुणा केल्या. धनुष्याची वरची-खालची पाती मुठीला धरून ठेवणाऱ्या दोन जाड बोल्टांवर बोट टेकवलं, ते सैल केल्यासारखं दाखवलं आणि दोरी हलकी झाल्यासारखी सहज ओढून दाखवली. मग चार बोटं वर केली. चार फेरे, पुढे नाही. आणि पुढे गेलास तर? दुकानदारानं गालाजवळ मूठ धरली आणि फाडकन उघडली.

हा प्रसंग दामाजीनं येईल त्या पाहुण्याला करून दाखवला होता. लहानपणी दुकानदाराचं काम चंद्रभागेकडे असायचं. चार बोटं, मग गालाजवळची मूठ. पाहुणे हसायचे.

गेल्या वर्षी जहाजावर दोराचा हिसका बसला आणि दामाजीचा उजवा खांदा कायमचा गेला. घरी आल्यावर पहिल्याच भरतीला खाडीवर सगळ्यांसमोर त्याला दोरी अर्ध्यावरून पुढे ओढता आली नाही. नामा त्याचा बालपणचा दोस्त. तो म्हणाला, "दामाजी, आता याला देव्हाऱ्यात ठेव. हळदकुंकू वाहा." सगळे हसले, दामाजीही हसला. घरी येऊन जेवला मात्र नाही.

चंद्रभागा वागळे इस्टेटमध्ये पंप जुळवायचं काम करत होती. बाप खांदा चोळून घ्यायला कळव्याला गेलेला असताना तिनं बोल्ट फिरवायची ॲलन की घेतली. एक फेरा वरच्या बोल्टला, एक खालच्या, पुन्हा वरच्या, पुन्हा खालच्या. दोन्हीकडे सारखे तीन फेरे सैल केले, चौथा हातचा राखला. मग फॅक्टरीत करतात तशी प्रत्येक बोल्टपासून मुठीपर्यंत नेलपॉलिशची बारीक लाल रेघ ओढली. बोल्ट हलला तर रेघ तुटलेली दिसते. घरात कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या भरतीला दामाजीनं कानापर्यंत दोरी ओढली आणि हाताएवढा जिताडा मासा मारला. घरी आला तो तरणा होऊन. "खांदा परत आला गो आवडे," तो बायकोला म्हणाला. चंद्रभागा खाली मान घालून भाकरी खात राहिली.

आज खुंटीवरच्या धनुष्याकडे तिचं सहज लक्ष गेलं होतं. वरची रेघ तुटली होती. खालच्या बोल्टची तर कुठच्या कुठे गेली होती आणि डोक्याखाली आटे चमकत होते. तिनं आत ठेवलेले आटे. डोलीच्या जाळ्याची ओढ जड झाली की तळाचा दोर आधी आणि जास्त सैल करायचा, ही दामाजीच्या हाताची जन्माची सवय.

"बा, खरं सांग. सैल केलंस ना तू?"

"दुखतो कधी खांदा. केला थोडा. त्यात काय? चाराच्या आत केला."

"चाराच्या आत मीपण केलेलं." चंद्रभागा म्हणाली. "जिताड्याच्या आधी. तीन फेरे."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. आवडाबाई मासळी धुता धुता तशीच बाहेर आली.

दामाजीनं आधी उजव्या हाताकडे पाहिलं. मग लेकीकडे.

"म्हणजे जिताडा तू मारलास."

"तूच मारलास. मी फक्त... ते राहू दे. किती फेरे फिरवलेस, सांग. ते पातं तोंडावर येईल तुझ्या, बा. ओढून बघू नकोस, इथे ठेव. मी दोन्ही बोल्ट पूर्ण आवळते, मग पहिल्यापासून मोजून सारखे सोडते. आता होईल."

"आणि खालती काय सांगू? पोरगी माझा हात दुरुस्त करते, थांबा?"

"मी सांगते, मला बरं नाही म्हणून."

"दामाजी," गल्लीतून नामाची हाक आली, "पाणी थांबत नाय रं कुणासाठी. येतोस का देव्हारा आणू?"

दोघंतिघं हसले. दामाजीनं डाव्या खांद्यावर बाणांचा भाता टाकला, लेकीला कोपरानं बाजूला केलं आणि उंबरा ओलांडला.

"बा, किती फे..."

आवडाबाईचा ओला हात तिच्या तोंडावर बसला. पाण्यावर निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हे आवडाबाईला कुणी शिकवलं नव्हतं. सासूचा हात असाच उठायचा, तसा तिचा उठला. बुद्धीच्या आधी. आपण काय अडवलं, ते तिला मग कळलं. हात तोंडावर तसाच राहिला, पण त्यातला जोर गेला.

चंद्रभागेनं तो खाली केला.

"बा, किती फिरवलेस?"

गल्लीच्या वळणावर दामाजीचे खांदे किंचित वर उचलले गेले. त्यानं ऐकलं होतं. हातातल्या धनुष्याचा खालचा बोल्ट उन्हात एकदा चमकला, आणि दामाजी मागे न बघता खाडीकडे उतरला.